पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर दर पावसाळ्यात तोच डाग: कवेलूच्या जुन्या घराची तपासणी आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक ठिकाणी सारखीच असते. नागपुरातल्या महाल, इतवारी, नाहीतर धरमपेठेतलं जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. छपराची दोन्ही पाखं जिथं संपतात तिथं वर निमुळती होत गेलेली त्रिकोणी भिंत, इंजिनिअर लोक जिला गेबल म्हणतात ती. जुलै लागला की या भिंतीवर आतून, छपराच्या काठाखाली हातभर अंतरावर, पिवळट डाग उमटतो. गणपतीपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात. दिवाळीला पुट्टी मारून रंग दिला जातो आणि पुढच्या आषाढात डाग त्याच जागी हजर. त्यातच उन्हाळ्यात त्या खोलीत झोपवत नाही म्हणून कोणीतरी आतून थर्मोकोल चिकटवून वर पीओपी केलेलं असतं. तेही फुगून येतं.

यातल्या बहुतेक घरांत भिंत निर्दोष असते. पाणी शिरतं ते छपराच्या शेवटच्या वीतभरातून. त्यामुळे आधी काठ दुरुस्त करायचा, मग भिंत वाळू द्यायची आणि इन्सुलेशनला सगळ्यात शेवटी हात लावायचा. लोक नेमके उलटीकडून सुरू करतात, कारण गर्मी मे महिन्यात सोसवत नाही आणि ओल जुलैत दिसते.

पश्चिमेचीच भिंत का, हेही समजून घ्या. नागपुरात पावसाचा वारा मुख्यतः पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे झड याच भिंतीवर बसते. आणि उन्हाळ्यात दुपारनंतरचं तिरपं ऊनही हीच भिंत झेलते. २६ मेच्या आसपास आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा मार कवेलूंना बसतो. चार वाजल्यानंतर तो भिंतीकडे वळतो, आणि छज्जा कितीही पुढं काढलेला असला तरी खाली उतरलेल्या सूर्याला अडवत नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीतून ही उष्णता आत पोचायला सात-आठ तास लागतात. म्हणून संध्याकाळी बरी वाटणारी खोली रात्री अकरानंतर तापते. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तसल्या दिवशी कूलर रात्रभर चालवूनही अशा खोलीत डोळा लागत नाही.

आधी डाग कधी येतो ते बघा

मिस्त्री बोलावण्याआधी डागाची तारीख लिहून ठेवा. फुकटचं काम आहे आणि निम्मं निदान त्यातच होतं.

एप्रिल-मेमध्ये डाग वाढत असेल तर छपराला हातच लावू नका, कूलर बघा. त्रिकोणी भिंतीच्या खिडकीत बसवलेल्या कूलरच्या टाकीतून, फ्लोट नीट बंद न झाल्यामुळे किंवा ताट्यांच्या कडेनं पाणी भिंतीवर झिरपत राहतं. महिनोन्‌महिने रोज थोडं थोडं जाणारं हे पाणी एखाद्या वळवाच्या सरीपेक्षा जास्त नुकसान करतं. कूलरचा स्टँड भिंतीपासून चार बोटं पुढं घेतला की पुष्कळदा तक्रारच संपते.

पहिल्या वाऱ्या-पावसात लगेच डाग आला तर काठ फुटलाय. दोन-तीन दिवस झड लागल्यावरच येत असेल तर पाणी भिंतीच्या बाहेरच्या प्लास्टरमधून मुरतंय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, तसल्या पावसातच फक्त आला असेल तर पन्हाळी तुंबली असण्याची शक्यता जास्त. ती साफ करा आणि पुढचं सगळं एक वर्ष थांबवा.

पावसात एसी चालणाऱ्या खोलीत एक वेगळाच प्रकार दिसतो. डागाला कड नसते, सगळा पृष्ठभाग दमट लागतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. त्याबद्दल पुढं इन्सुलेशनच्या भागात.

भेग असेल तर तिच्याकडं वेगळं लक्ष द्या. शहराच्या बऱ्याच भागात पायाखाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पायऱ्यापायऱ्यांनी विटांच्या सांध्यातून उतरणारी, मे महिन्यात रुंदावणारी आणि ऑगस्टमध्ये मिटणारी भेग मातीमुळे असते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खुणा करून अंतर आणि तारीख लिहा, दर महिन्याला मोजा. अंतर हलत असेल तर आधी जोत्याभोवतीचं पाणी बाहेर काढायची सोय करा. त्याशिवाय भेगेत काहीही भरलं तरी निघून येणार.

शिडी लावून काठाजवळ

आता मुख्य काम. सकाळी ऊन चढायच्या आत शिडी लावा आणि कवेलूंवर पाय न देता काठाजवळ डोकं न्या. पाय द्यायचाच असेल तर खाली वासा आहे त्या रेषेवर फळी टाकून द्या. विजेची सर्व्हिस वायर याच भिंतीला ठोकलेली असते, म्हणून मेन बंद करून आणि वायरपासून लांब राहूनच.

काठाला शेवटच्या कवेलूखाली मसाल्याची पट्टी भरलेली असते. लांबून ती धडधाकट दिसते. नखानं हलकेच ढकलून बघा. कवेलू तापून प्रसरण पावतं, रात्री आकसतं. सिमेंटचा कडक मसाला त्याच्यासोबत हलत नाही. त्यामुळे दोघांच्या मध्ये केसाएवढी फट पडते. ती इतकी बारीक असते की पाणी नुसतं वाहून जात नाही, फट ते आत ओढून घेते. पट्टीचा तुकडा काढा: वरचा पृष्ठभाग कोरडा करडा, आणि कवेलूला टेकलेली बाजू काळपट, शेवाळलेली, लोण्याच्या, म्हणजे भिंतीतून फुटून येणाऱ्या क्षारांच्या, पांढऱ्या भुकटीनं भरलेली. अशी पट्टी दिसली की डागाचा उगम सापडला.

मंगलोरी कवेलूत आणखी एक गोष्ट बघायची असते, आणि ती अनुभवी मिस्त्रीसुद्धा कधीकधी सोडून देतात. या कवेलूच्या एका बाजूला नाली असते, दुसऱ्या बाजूला तिच्यावर बसणारी कड. एका ओळीत सगळे एकमेकांत अडकतात. पण ओळ संपते तिथं काय होतं? घराच्या एका टोकाला शेवटच्या कवेलूची कड खाली झुकलेली राहते आणि पाणी बाहेर पडतं. दुसऱ्या टोकाला मात्र रिकामी नाली आकाशाकडं तोंड करून उघडी राहते. तिच्यावर बसायला पुढचं कवेलूच नसतं. पाऊस त्या नालीत भरतो, मसाल्यातल्या फटीपाशी पोचतो आणि सरळ भिंतीच्या डोक्यावर उतरतो. घराच्या दोन त्रिकोणी भिंतींपैकी एकच ओली होत असेल आणि दुसरी वर्षानुवर्षं कोरडी असेल, तर उघडी नाली कोणत्या टोकाला आहे ते आधी पाहा. देशी नळीच्या कवेलूत ही भानगड नसते. तिथं शेवटची ओळ वाऱ्यानं किंवा लंगुरांच्या उड्यांनी सरकलेली असते. सेमिनरी हिल्स, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला राहणाऱ्यांना लंगुरांबद्दल वेगळं सांगायला नको.

आता पेचकस घेऊन रिपांची, म्हणजे कवेलू ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांची, टोकं टोचा. काठाची रीप भिंतीवर टेकलेली असते आणि तिचं टोक आधी कुजतं. जुनं सागवान असेल तर पेचकसाचं टोक जेमतेम रुतेल. ते अर्धा इंच आत गेलं तर ते टोक कापून नवा तुकडा जोडावा लागेल. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती नुसती झाडून टाकू नका, ती जमिनीपर्यंत कुठून आली ते शोधा. सगळ्यात महत्त्वाचं लाकूड मात्र आढं, छपराच्या शेंड्याखालचं आडवं लाकूड. त्याचं टोक त्रिकोणी भिंतीच्या शेंड्यात बसवलेलं असतं आणि बऱ्याच घरांत कोणीतरी 'मजबुती'साठी ते चारी बाजूंनी सिमेंटनं लिंपलेलं असतं. आत गेलेलं पाणी मग बाहेर पडू शकत नाही. हे टोक भुसभुशीत लागलं तर पुढचं काहीही करण्याआधी आढ्याला टेकू द्या आणि चांगल्या सुताराला बोलवा. इथं काटकसर चालत नाही.

नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नसेल तर पाणी मारून पाहा. खालून वर जायचं. आधी फक्त भिंतीच्या तोंडावर, मग भेगेवर, मग काठावर, शेवटी कवेलूंच्या मधल्या भागावर. दर टप्प्याला पंधरा-वीस मिनिटं, पाइपाचं तोंड अंगठ्यानं न दाबता. आत एक जण टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच खाली येतं आणि काहीच कळत नाही. एका घरी काकू ऐकायलाच तयार नव्हत्या, भिंतच खराब आहे म्हणून नवं प्लास्टर करा म्हणाल्या. मिस्त्रीनं भिंतीवर पाणी सोडलं, आत थेंब नाही. काठावर सोडलं आणि आतून हाक आली. "पाहा काकू," तो वरूनच म्हणाला, "भिंत काही नाही करून राह्यली. पाणी कवेलूच्या काठातून येऊन राह्यलं, अन् तुम्ही दर साली भिंतीलेच मारून राह्यले."

काठाची दुरुस्ती

काठ दोन प्रकारचे असतात. एकात कवेलू भिंतीच्या बाहेर थोडे निघालेले असतात, दुसऱ्यात भिंतच कवेलूंच्या वर उचललेली असते. दोघांचं औषध वेगळं.

कवेलू बाहेर असतील तर जुनी मसाल्याची पट्टी पूर्ण काढा. वरून नवा थर लावणं म्हणजे फट झाकून ठेवणं, ती पुन्हा उघडते. शेवटच्या दोन ओळी उतरवा, रिपा दुरुस्त करा, भिंतीचा माथा झाडून ओला करा. नवा मसाला सिमेंट, चुना आणि रेती १:१:६ या मापाचा. कन्हानची रेती चाळून घ्या. चुन्यामुळे मसाला थोडा नरम राहतो आणि कवेलूसोबत हलू शकतो. मिस्त्री '१:३ सिमेंट मारतो, पक्कं होते' म्हणेल. होतं खरं पक्कं, पण पक्केपणामुळेच तर आधीचं फाटलं होतं.

शेवटचे कवेलू बांधल्याशिवाय ठेवू नका. मंगलोरी कवेलूच्या पाठीला भोक असतं, ते त्यासाठीच. त्यातून जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार काढून रिपेला बांधा, निदान काठाच्या दोन ओळींना. वादळात वारा छप्पर उचलू पाहतो तेव्हा सगळ्यात जास्त ओढ काठावर असते.

उघड्या नालीवर झाकण हवंच. आढ्यावर बसवतात तसले कोनी कवेलू उतारानं एका रेषेत काठावर बसवता येतात, किंवा जीआय पत्र्याचा कोन वाकवून घ्या: एक बाजू कवेलूवर सहा इंच, दुसरी भिंतीच्या बाहेरून चार इंच खाली, आणि खालची कड थोडी बाहेर वळवलेली, म्हणजे थेंब भिंतीला न चिकटता खाली पडतो. दिसायला कोनी कवेलू सुंदर, टिकायला पत्रा बरा. रस्त्याकडून दिसणारी भिंत असेल तर मी कवेलूकडं झुकेन. ॲल्युमिनियमचा पत्रा मात्र ओल्या चुना-सिमेंटात दाबू नका, क्षारांनी तो खाल्ला जातो.

भिंत वर उचललेली असेल तर पाणी भिंत आणि कवेलू यांच्या कोपऱ्यातून शिरतं. तिथं नुसता मसाल्याचा गोलावा करून भागत नाही. कवेलूंच्या वर सहा इंचांवर भिंतीत इंचभर खोल चर मारा, जीआय पत्र्याची वरची कड त्यात घुसवून चुन्याच्या मसाल्यानं बंद करा, आणि पत्रा कवेलूवर निदान वीतभर येऊ द्या. भिंतीच्या माथ्याला छपराकडं उतार द्या, बाहेरच्या कडेला खालून बोटभर खाच पाडा. ही खाच कोणी करत नाही. ती नसेल तर माथ्यावरचं पाणी कडेवरून वळून भिंतीच्या अंगानं सरपटत खाली येतं.

भिंतीतून पिंपळाचं रोप आलेलं असेल तर नुसतं वरून छाटून उपयोग नाही, मूळ भेगेत जाड होत राहतं. पुष्कळ घरी पिंपळ तोडायला कोणी तयार होत नाही. चालेल, तोडू नका. विटा सैल करून मुळासकट काढा आणि मोकळ्या जागी लावा. फक्त भिंतीत ठेवू नका.

सर्व्हिस वायर भिंतीत शिरते ते भोकही बघा. वायर खांबाकडून उतारानं येत असेल तर पाणी तिच्यावरूनच घसरत घरात येतं. भोकाच्या अलीकडं वायर थोडी खाली लोंबती असली म्हणजे पाणी तिथंच टपकून जातं. हे काम वीज कंपनीच्या लाइनमनकडूनच करून घ्या.

हे सगळं दिवाळी ते होळीच्या मधे उरकावं. एप्रिलनंतर मसाला घातला की दुपारपर्यंत त्यातलं पाणी उडून जातं आणि तो भेगाळतो. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर सकाळीच काम, वर ओलं पोतं, आणि आठवडाभर दिवसातून तीन-चारदा पाणी.

भिंत वाळू द्या

काठ झाला की आतलं थर्मोकोल, पीओपी, ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट सगळं खरवडून काढा. लोणा लागलेलं प्लास्टर विटेपर्यंत उतरवा, डागाच्या पलीकडं हातभर. लोणा कोरड्या ब्रशनं झाडायचा, पाण्यानं धुतला तर क्षार पुन्हा विटेत जातात. मग काहीही न लावता भिंत उघडी ठेवा. नागपूरचा मार्च ते मे या कामासाठी देणगीच आहे, हवा इतकी कोरडी असते की नऊ इंची भिंतही बरीचशी आतपर्यंत सुकते. बाहेरून फक्त चुन्याचे दोन-तीन हात मारा. पांढरी भिंत ऊन परतवते आणि चुना भिंतीचा श्वास कोंडत नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापुरती तेवढीच सोय.

नंतर एक पावसाळा जाऊ द्या. हे कोणाला पटत नाही, मला माहीत आहे. पण कोरड्या राहिलेल्या भिंतीवर इन्सुलेशन लावणं आणि कोरडी झाली असेल अशा आशेवर लावणं यांत दुप्पट खर्चाचा फरक आहे.

इन्सुलेशन कुठं आणि कसलं

पहिला प्रश्न: खोलीला पाटण (लाकडी माळा) किंवा फॉल्स सीलिंग आहे का? असेल तर त्रिकोणी भिंतीचा वरचा भाग माळ्याची भिंत आहे, तुमच्या खोलीची नाही. अशा वेळी रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) पाटणावर अंथरा आणि त्रिकोणी भिंतीला हातही लावू नका. उलट तिच्यातले जुने झरोके कोणी विटांनी बुजवले असतील तर उघडा आणि कबुतरांसाठी जाळी लावा. माळ्यावरची तापलेली हवा निघून जायला तीच वाट होती. खोली थेट कवेलूंपर्यंत उघडी असेल तरच भिंतीच्या इन्सुलेशनला अर्थ आहे.

तसं असेल तर ते बाहेरून करा. आतून लावलं तर विटेची भिंत दिवसभर तापत राहते, पावसात ओली राहते आणि वाळायला तिला एकच बाजू उरते. बाहेरून करायचे दोन मार्ग आहेत. एक, ५० मिलिमीटरचे एक्सपीएसचे (थर्मोकोलच्या जातीच्या, पण जास्त घट्ट फोमचे) बोर्ड चिकटवून वर प्लास्टिकचे खिळे, जाळी आणि पातळ प्लास्टर. उष्णता अडवण्यात इतक्या जाडीचं साधं थर्मोकोलसुद्धा साधारण मीटरभर जाडीच्या विटेच्या भिंतीइतकं काम करतं, एक्सपीएस त्याहून थोडं सरस आणि पाणी कमी पितं. पण चुन्यात बांधलेल्या जुन्या विटेवर मला हा मार्ग फारसा आवडत नाही, कारण एकदा कुठून पाणी शिरलं की ते अडकून बसतं.

दुसरा मार्ग दिसायला गावठी आहे आणि मी तोच सुचवतो. भिंतीवर उभ्या पट्ट्या ठोका, पट्ट्यांच्या मधे रॉकवूल, आणि पट्ट्यांवर टिन असा लावा की रॉकवूल आणि टिनाच्या मधे दीड इंच हवेची फट राहील. फट खाली आणि वर उघडी, दोन्हीकडं बारीक जाळी. टिन ऊन आणि झड दोन्ही अंगावर घेतं, मागची तापलेली हवा वरून निघून जाते, आणि चुकून ओल गेलीच तर वाळून जाते. वरची कड मात्र काठाच्या पत्र्याखाली दोन बोटं गेलीच पाहिजे, नाहीतर केलेल्या कामाचं मातेरं. टिनाला पांढरा रंग द्या. वायरिंग या थरातून नेऊ नका, आणि जळण्याची भीती असेल तिथं थर्मोकोलऐवजी रॉकवूलच घ्या, ते पेटत नाही.

यूट्यूबवर परदेशी व्हिडिओ बघून इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद लावणारे हल्ली बरेच भेटतात. थंड देशात ते बरोबर आहे, तिथं आतली गरम दमट हवा बाहेरच्या थंड भिंतीकडं जाते. आपल्याकडं जुलैत बाहेरची हवा दमट आणि एसीची खोली थंड, म्हणजे बाष्प उलट्या दिशेनं येतं आणि आतल्या प्लास्टिकच्या मागं थेंब धरतं. मघाशी सांगितलेली काळी बुरशी बऱ्याचदा यामुळेच असते. प्लास्टिक काढा, एसी २६ वर ठेवा.

चमकदार फॉइल विकणारे फार मोठमोठे आकडे सांगतात. फॉइलच्या समोर इंचभर मोकळी हवा असेल तरच ती काम करते. दोन पृष्ठभागांत दाबून बसवली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि धूळ बसली की तोही कमी होतो.

शेवटी कवेलूंचा साठा. वेगवेगळ्या कारखान्यांचे मंगलोरी कवेलू एकमेकांत नीट बसत नाहीत. नाली आणि कड यांत दोन-चार मिलिमीटरचा फरक असतो आणि तेवढ्यातून पाणी जातं. आपल्या कवेलूच्या पाठीवरचा शिक्का बघून ठेवा. जुनं घर पाडत असल्याचं कळलं की तोच शिक्का शोधून वीस-पंचवीस नग आणून ठेवा. रोहिणी लागल्या की एकदा काठावरून नजर फिरवा, तारा हलवून बघा, आणि फुटलेलं कवेलू मृगाच्या आत बदला.